मिरजगावचं चाक

गव्हाणीतली कुट्टी बघितली आणि गहिनीनाथने तिच्यातला एक तुकडा उचलून उजेडात धरला.

तो गोठ्यात शिरला होता तो नुसता सावलीला. नगरची एसटी मिरजगावात पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि अधिक वैशाखातलं ऊन तेवढ्यातच मानेला चटके देत होतं. चांगुणा माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवताच चुलीकडे गेली होती. सासरे कारभारी जावयाच्या आंघोळीच्या पाण्यासाठी आत-बाहेर करत होते. आतून पुरणाचा वास येत होता. लग्नानंतरचा हा पहिला अधिक, धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून, पाय धुऊन, पुरणाच्या तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. मागचा अधिक आला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं.

कडब्याची कुट्टी कशी पडावी हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो बनवायचा त्या मशीनमधून ती बोटाच्या पेराएवढी पडायची, दोन्ही टोकं साफ कापलेली. गव्हाणीतले तुकडे काही चार बोटं होते, काही वीतभर. टोकं चेचलेली. ही कुट्टी ओंडक्यावर कुऱ्हाडीने तोडलेली होती.

मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली उभं होतं. पायाशी हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली, वर पाडव्याची साखरेची गाठी अडकवलेली आणि गाठीला मुंग्या लागलेल्या. त्याने गोणपाट उचललं. फिरवायची लाकडी मूठ त्यानेच नगरजवळ नागापूरला असलेल्या आपल्या शेडमध्ये लेथवर काढली होती. रोज हात लागला तर अशी मूठ महिन्याभरात घामाने काळी पडते. ही चार महिन्यांनीही पांढरीच होती. मग त्याने चाकाकडे बघितलं. मधल्या तुंब्यापासून निघणाऱ्या एका आऱ्यावर वेल्डिंगचा जाडसर व्रण होता आणि तसेच आणखी दोन कडेच्या गोलावर. बिडाचं चाक एकदा तुटलं की वेल्डिंग धरत नाही. ते नुसतं दिसायला जोडलेलं होतं.

बाहेर सासऱ्यांची हाक आली. त्याने घाईने गोणपाट टाकलं आणि हात धोतराला पुसत बाहेर आला.

दुपारी चार वाजता हे मशीन बघायला भिमाजी येणार होता.

भिमाजी चार कोसांवरच्या एका गावचा, तिथल्या दूध सोसायटीचा चेअरमन. मागच्या वर्षी पाऊस हातचं राखून पडला होता, कडबा महागला होता आणि अख्खा कडबा जनावरांपुढे टाकला की निम्मा पायाखाली जातो हे लोकांच्या ध्यानात आलं होतं. सोसायटीला सभासदांसाठी वीस मशीनं हवी होती. गहिनीनाथने शेड भाड्याने घेतल्याला दोन वर्षं होत आली होती आणि दोन वर्षांत त्याची अकरा मशीनं खपली होती. ही वीस गेली तर शेड टिकणार होती. नाही गेली तर मृगाच्या आधी कुलूप लावून पुणतांब्याला परत जायचं, हे त्याने मनाशी धरलेलं होतं. तिथे थोरला भाऊ कानिफनाथ वाटच बघत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ तो विचारायचा, आमचे कारखानदार नांगर धरायला कधी येणार आहेत.

भिमाजीने पहिल्या भेटीत विचारलं होतं, तुझं मशीन कुठं चालू असलं तर दाखव. गहिनीनाथने पटकन मिरजगावचं नाव सांगितलं होतं. कारभाऱ्यांचं नाव ऐकल्यावर भिमाजीने पुढे काही विचारलं नव्हतं. त्या पट्ट्यात बैल विकत घेताना लोक दात बघायच्या आधी कारभाऱ्यांना विचारायचे. पुढे बाजारात दोघांची गाठ पडली तेव्हा कारभाऱ्यांनी सांगितलं होतं की मशीन सोन्यासारखं आहे. हे भिमाजीनेच नागापूरला येऊन सांगितलं होतं आणि त्या दिवशी गहिनीनाथ घरी जाताना वाटेत भेळ घेऊन गेला होता.

पाटावर बसवून त्याचे पाय धुतले ते आक्काबाईने, कारभाऱ्यांच्या थोरल्या बहिणीने. खरं तर हे काम सासूचं. सासू मनकर्णा दाराशी उभी होती, उजवा हात पदराखाली घेऊन. पौषात ती विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली आणि मनगट दुखावलं, असा निरोप तेव्हा आला होता. चांगुणा चार दिवस येऊन राहूनही गेली होती. हात एव्हाना बरा झाला असेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे त्याने त्याचा विचारच केला नव्हता.

"कारखानदाराचं पाय लई मऊ झाल्यात," आक्काबाई त्याच्या टाचा चोळत म्हणाली. "आमच्या भावाच्या टाचंवर इळा पाजळून निघंल."

बायका हसल्या. गहिनीनाथनेही हसल्यासारखं केलं. कारभाऱ्यांनी, ज्यांच्यापुढे गावातली माणसं बिडी विझवायची, त्यांनी वाकून त्याच्या पावलांवर डोकं टेकलं. पांढऱ्या केसांच्या मधोमध ऊन लागून तांबूस झालेली टाळूची कातडी त्याला दिसली. पाय मागे घ्यावेत असं वाटलं, पण आज ते घेता येत नव्हते. आज जावई नारायणाच्या जागी.

तांब्याचं तबक पुढे आलं. त्यात लावलेलं निरांजन आणि मोजून रचलेले तेहतीस धोंडे. गूळ आणि तूप त्या घरात कुठून आणलं असेल याचा अंदाज त्याला होता, कारण गोठ्यातल्या दोन गाईंपैकी एक दिसत नव्हती. जेवताना आक्काबाई वाढत राहिली. पानातला धोंडा तो नुसता कुस्करत होता. तिने विचारलं, नगरचं पानी प्यायल्यावर आमचं ग्वाड लागत न्हाई व्हय. त्याने आणखी एक धोंडा घेतला आणि पाण्याबरोबर गिळला. चांगुणा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. जेवण होईपर्यंत तिने एकदाही वळून बघितलं नाही.

जेवणानंतर पुरुष ओसरीवर आडवे झाले. गहिनीनाथ पुन्हा गोठ्याकडे निघाला. मेहुणा सहादेव आधीच तिथे बसला होता, ओंडक्यावर, कुऱ्हाड पायाशी ठेवून. बावीस वर्षांचा, बोलायला कमी.

"सकाळी बघितलं न्हवं, दाजी?" तो म्हणाला. "गोनपाट उलटं टाकलंय तुमी."

गहिनीनाथने जाऊन गोणपाट सुलटं केलं.

सहादेवने मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता, बाजारभाव सांगावा तसं. मशीन मार्गशीर्षात आलं, पौषात मोडलं, आठव्या की नवव्या दिवशी. तो पेंढी आत सारत होता आणि आई चाक फिरवत होती, कारण तिला ते फिरवायला आवडायचं. आठ दिवस तिने दुसऱ्या कुणाला मुठीला हात लावू दिला नव्हता. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. चाकाचा अर्धा गोल वर उडाला, आढ्याला लागला आणि खाली आला.

"आईचा हात इहिरीवर न्हाई मोडला," तो म्हणाला.

गोठ्यात गाय रवंथ करत होती. गहिनीनाथला तो आवाज फार मोठा वाटला.

कारभाऱ्यांनी त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मशीन जावयाचं आहे आणि पोरीला त्या घरात नांदायचं आहे. हाड बसवणाऱ्याला बोलावलं ते शेजारच्या गावातून, इथल्याला नको म्हणून. त्याने मनगट वाकडं बसवलं. चांगुणाला येऊ दिलं, पण तिच्याकडून नवऱ्याला न सांगण्याची शपथ घेतली. सहादेव चाकाचे तुकडे पोत्यात घालून कर्जतच्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला.

"त्यानं कानशीनं घासलं आन मला दाखवलं," सहादेव म्हणाला. "तुंब्यापाशी बोट जाईल येवढं भोक. आत लांबी भरल्याली, मोटारीचा पत्रा चेपला की भरत्यात ती. वरनं तुमचा हिरवा रंग." त्याने ओसरीवर आडव्या झालेल्या बापाकडे बघितलं. "दादांना मी हे सांगितलं न्हाई. दादांना वाटतंय नशीब. तेवढं एक इचारतो, दाजी. फौंड्रीवाल्यानं भरलं हुतं का तुमी?"

फौंड्रीवाल्याचं नाव घेता आलं असतं. सहादेवने वाट करून दिली होती, बहुतेक मुद्दाम.

"मी," गहिनीनाथ म्हणाला.

त्या मार्गशीर्षात फौंड्रीतून आलेल्या चाकांपैकी तीन पोकळ निघाली होती. परत दिली असती तर नव्या ओतकामाला पंधरा दिवस थांबावं लागलं असतं आणि शेडमध्ये तीन सांगाडे चाकाविना उभे होते. त्याने स्वतः लांबी कालवली, बोटाने भरली, वाळल्यावर पॉलिशपेपर मारला. रंग दिल्यावर कुठे काय होतं ते त्यालाही सापडलं नसतं. चांगली चाकं परक्या गिऱ्हाइकांच्या मशीनला लावली. परका माणूस भर बाजारात गचांडी धरतो. ही तीन त्याने नात्यात दिली. एक पुणतांब्याला कानिफनाथकडे, एक मावशीकडे, एक इथे. मिरजगावला सगळ्यात वाईट होतं ते. तीन चाकं पुढ्यात ठेवून त्याने तेवढा विचार केला होता, की सासुरवाडीची माणसं जावयाला कधी बोलणार नाहीत.

आणि ती बोलली नव्हती.

सहादेव उठला, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि म्हणाला की भिमाजी येईल, दादांनी काय बोलायचं ते ठरवलेलं आहे, तुम्ही गप बसलात तरी चालेल. त्यात टोमणा होता की आधार, हे गहिनीनाथला कळलं नाही.

भिमाजी चारच्या आधीच सायकलीवरून आला. अंगाने आडवा, टोपी कपाळावर ओढलेली, पाणी पिऊन झाल्याबरोबर कामाचं बोलणारा. धोंड्याच्या दिवशी आलो, पाहुण्यांच्या मधी आलो, असं तो म्हणाला, पण मशीन जरा फिरवून दाखवा, दोन पेंढ्या पुरे आहेत.

कारभारी सुपारी कातरत होते. अडकित्त्यावरची नजर त्यांनी उचलली नाही.

"आज न्हाई फिरवायचं, भिमाजी," ते म्हणाले. "धोंड्याचा जावई घरात असताना त्येच्या हातचं हत्यार आमी चालवत न्हाई. आमच्याकडं तशी रीत हाय."

गहिनीनाथने मान वर केली. अशी रीत नव्हती. त्या घरातच काय, जिल्ह्यातही नव्हती. दाराआड आक्काबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाने त्याच्यासाठी बसल्या बसल्या एक रीत तयार केली होती आणि ती सांगताना सुपारीचे तुकडे नेहमीपेक्षा बारीक पडत होते.

भिमाजीने डोकं हलवलं. रीत म्हटल्यावर बोलणंच संपलं, असं तो म्हणाला. तुमचा शब्द आहे तर मशीन फिरवून काय बघायचं. सोसायटीची मीटिंग सोमवारी, तेव्हा ठराव करून टाकतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सभासदांची नावं वाचायला लागला, कुणाच्या दावणीला किती जनावरं, कुणाच्या घरी मशीन कोण फिरवणार. एकाच्या घरी म्हातारा बाप होता. दोघांच्या घरी बायकाच.

गहिनीनाथ ऐकत होता. वीस चाकं. या वेळी तो सगळी चांगली घेणार होता, एकेक हातोडीने वाजवून. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, पोकळ बद्द बोलतं, हे त्याला त्या मार्गशीर्षातही ठाऊक होतं. आता गप राहिलं की झालं. वीस मशीनं नीट करून द्यायची, शेड वाचवायची, मग सवडीने ही तीन चाकं गुपचूप बदलून टाकायची. सगळं जमण्यासारखं होतं. एवढ्यात दारातून पाण्याचा तांब्या पुढे सरकला. मनकर्णा तो डाव्या हाताने सारत होती आणि तोल सावरायला उजवा हात क्षणभर पदराबाहेर आला. मनगट आत वळलेलं होतं. शेवटची दोन बोटं मिटत नव्हती. तिने हात लगेच आत घेतला, चोरी सापडल्यासारखा.

"भिमाजीराव, तशी रीत न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "मशीन मोडलंय."

तो उठून गोठ्यात गेला. सहादेव मागोमाग आला आणि दुसऱ्या बाजूने मशीनला हात लावला. दोघांनी ते अंगणात ओढलं. गहिनीनाथने मूठ धरून एक फेरा दिला. वेल्डिंगचा पहिला व्रण तडकला, आरा सुटून खाली लोंबला. त्याने भोकाची जागा दाखवली. लांबीची फिकट गुलाबी भुकटी अजून कडेला होती. काय केलं, का केलं, तिन्ही चाकं कुणाकुणाकडे गेली, हे त्याने सांगितलं. सासूच्या हाताचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. दोनदा त्याने वाक्य सुरू केलं आणि दोनदा ते दुसरीकडेच गेलं.

भिमाजीने खाली बसून भोकात करंगळी घातली, काढली, धोतराला पुसली.

"म्हंजी चांगलं ते परक्याला आन वंगाळ ते घरच्याला," तो म्हणाला. "आमी परकं हाओत ते बरं हाय की मग."

त्याने कागदाची घडी केली. गहिनीनाथ म्हणाला की नागापूरला या, हवी ती चाकं स्वतः वाजवून घ्या. भिमाजीने ऐकलं की नाही कळलं नाही. तो कारभाऱ्यांकडे बघत होता.

"बाजारात तुमी सोन्यासारखं म्हनला हुता," तो म्हणाला.

"म्हनलो हुतो," कारभारी म्हणाले.

भिमाजीने सायकल वळवली. फाटकाजवळ थांबून, इकडे न बघता, सोमवारी दुसरं बघू, असं म्हणाला आणि गेला. तो हे पुढच्या बाजारात सांगणार होता. वाईट माणूस नव्हता, पण कारभारी खोटं बोलले ही बातमी त्या पट्ट्यात कुणालाही पोटात ठेवता आली नसती.

कारभारी ओसरीच्या कडेला उभे होते. अडकित्ता अजून हातात होता. गहिनीनाथला वाटलं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरं बोलायचं हुतं तर सकाळी मला बोलायचं," ते म्हणाले. "त्येच्याम्होरं मी नसतो बोललो. माझा शब्द तरी राहिला असता."

ते आत गेले. खरं बोलून मन हलकं होतं असं गहिनीनाथ ऐकत आला होता. त्याला तसं काही वाटलं नाही. त्याने स्वतःची एक गोष्ट उघडी केली होती आणि तिच्याखाली एका म्हाताऱ्या माणसाची सत्तर वर्षं चेपली गेली होती. सकाळी सांगता आलं असतं. सकाळी त्याने गोणपाट पुन्हा वर टाकलं होतं.

साडेपाचच्या एसटीने निघायचं ठरलं. मुक्काम करा असं कुणी म्हटलं नाही. सहादेवने पान्याने चाक सोडवून दिलं, तुटका आरा सुतळीने त्यालाच बांधला. निघताना गहिनीनाथ सासूच्या पायाशी वाकला. मनकर्णाने पाय झटकन मागे घेतले.

"आज न्हाई वाकायचं," आक्काबाई म्हणाली. "आज तुमी द्येव हाय." आवाजात सकाळची थट्टा नव्हती.

"मामी," तो म्हणाला, "हात..."

"थंडीत ठनकतो जरा," मनकर्णा म्हणाली. ती कधी त्याच्याशी समोरासमोर बोलत नसे. "आता न्हाई ठनकत." आणि तिने धोंड्यांचा डबा चांगुणाच्या हातात दिला, डाव्या हाताने.

स्टँडपर्यंत दोघं चालत गेली. चाक त्याच्या खांद्यावर होतं. बिडाचं वजन हाडात उतरत होतं आणि त्याने खांदा बदलला नाही. लोक बघत होते. मिरजगावच्या पेठेतून धोंड्याचा जावई तबक घेऊन जाताना त्यांनी पुष्कळदा बघितला होता, असा नव्हता बघितला. लिंबाखाली चाक उतरवल्यावर त्याने विचारलं, शपथ होती हे कळलं, पण चार महिन्यांत एकदाही तुझ्या तोंडून कसं निघालं नाही.

चांगुणाने डबा मांडीवर घेतला.

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आल्या-गेल्याला सांगायचा, मिरजगावला आमचं मशीन झकास चाललंय म्हनून. मी चुलीपाशी ऐकत असायची. मला वाटायचं, आज तरी इचारतील, कसं चाललंय गं. आईचा हात कसा हाय, हे बी न्हाई इचारलं. मग मला वाटलं ह्यास्नी ठावं हाय."

"चाकाचं व्हतं," तो म्हणाला.

तिचे डोळे कोरडे होते. तिने विचारलं, आणखी दोन कुठे म्हणालात. आतून सगळं ऐकलं होतं तिने. त्याने पुन्हा सांगितलं. पुणतांब्याचं नाव ऐकून तिने त्याच्याकडे बघितलं. कानिफनाथच्या घरात मशीन कोण फिरवतं हे दोघांना माहीत होतं. त्याची थोरली पोर, बारा वर्षांची.

एसटी आली. कंडक्टरने चाक बघून नाक मुरडलं. लगेज पडेल, तो म्हणाला, आणि हे आहे तरी काय.

"मोडकं चाक," गहिनीनाथ म्हणाला.

"मोडकं नेऊन काय करता?"

नागापूरची दोन तिकिटं मागायला त्याने तोंड उघडलं होतं. चांगुणा पायरीवरून मागे वळली.

"दिराला दाखवायचंय," ती म्हणाली. "पुनतांब्याला जायचंय आमाला. नगरला उतरून म्होरची गाडी मिळंल न्हवं?"

मिळेल, कंडक्टर म्हणाला, आणि चाक उचलायला त्याने एका बाजूने हात लावला.